खाकी कापडाच्या दोन बैलगाड्या

नाही, भेटन म्हनलं ना तुमची पँट! आज नाही भेटनार, पन भेटन... बसा ना, तो स्टूल वढा इकडं, त्याच्यावरचे तुकडे ठेवा बाजूले, अन् काका, तुमचा पायजामाही होईन, तुमीही बसा, चहा सांगतो. उशीर काऊन झाला म्हनता? आता काय सांगू तुमाले! गोकुळ टेलरच्या दुकानातल्या उशिराचं कारन माह्या हातात नाही, माह्या मशीनमंधी नाही, ते नगरपरिषदेच्या पुस्तकात हाये! हसू नका ना... खरंच पुस्तक हाये, छापील, माह्या बायकोनं केलेलं. मंजुश्री. आपल्या न.प.त क्लार्क हाये, खिडकीजवळ बसते, चष्मा लावते, तीच ती. वरवट बकालची पोरगी. लगन जमलं तवाच माहा सासरा म्हनला होता का जावईबापू, पोरगी नेमकं बोलते बरं, सांभाळून राह्यजा. मले वाटलं तारीफ करून राह्यला... तो मले आगाऊ सूचना देऊन राह्यला होता हो!

पन एक गोठ पहिलेच सांगतो, अन् दुकानात आलेल्या दर गिऱ्हाईकाले सांगतो. पुस्तक एक नंबर झालं!

आता तुमी म्हनान, कशाचं पुस्तक? गावाच्या कायद्याचं! दिल्लीचे नाही, मुंबईचे नाही, आपल्या गावाचे. ढोर रस्त्यावर मोकळं सोडलं तं काय, नळाले मोटर लावली तं काय, बाजारात कोनं कुठी बसाचं, मांडव कुठवर घालाचा... हे सगळे नियम आपल्या न.प.नं कधी ना कधी केलेले हायेत, उपविधी म्हनतात त्याले. पन हायेत कुठी? हे इचारलं का सारं हापीस एकमेकाच्या तोंडाकडं पाहे! काही रेकॉर्ड रूममंधी वाळवीच्या पोटात, काही कपाटात, कपाटाची किल्ली रिटायर बाबूच्या घरी, अन् बाबू पोराकडं नागपुरात! मानूस गेला अन् इचारलं का साहेब, नियम काय हाये, तं उत्तर ठरलेलं... "असं असते." कोन म्हनते असते? "पहिल्यापासून असते." अरे बाप्पा! म्हंजे ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा! खोटं हाये का, काका?

मंग आले नवे सीओ साहेब. मुख्याधिकारी हो. तिकडचे, पुन्याकडचे, मानूस चांगला, पन बोलनं असं का इस्त्रीतून काढलेलं. "मॅडम, हे सर्व उपविधी एकत्रित करून आपण एक सुसूत्र संहिता प्रसिद्ध करूया ना?" करूया म्हने! करनार कोन? मंजू! सगळ्या हापिसानं खाली मान घातली, हिनं वर केली, झालं.

अन् तवापासून, तुमाले सांगतो, माह्या घरात संसार राह्यला नाही, संहिता राह्यली. माहा कटिंगचा टेबल गेला. मी म्हनलं, "अवं मी कापड कुठी कापू?" तं म्हने, "तुमी जमिनीवर कापा, हे कागद जमिनीवर ठेवले का फाटतात." अन् खरंच फाटत होते बिचारे, पापडावानी. एकेक कागद सुटा कराचा, कशाचा हाये पाह्याचा, ढोराचा ढोरात, पान्याचा पान्यात, बाजाराचा बाजारात. अन् त्यात गमती अशा का एका ठरावात गावात कोंबड्या पाळाले बंदी, अन् दुसऱ्या ठरावात कोंबड्याच्या बाजाराची जागा ठरवलेली! दोन्ही चालू! कोनीच कोनाले रद्द केलेलं नाही! मंजू डोकं धरून बसे... कोनता आधी, कोनता मांगून, कोनत्यानं कोनता मोडला, हे सगळं जुळवून दर कलमाखाली बारीक अक्षरात लिहे. मी शिंपी मानूस, मले कळत होतं काय चालू हाये ते. धा जुने कपडे उसवून त्याचा एक नवा शिवाचा, अन् जोड दिसला नाही पायजे. सोपं नाही हो ते!

घरात मात्र बोलाची सोय नाही. मी जेवताना म्हनलं, "मंजू, भाजी खारट झाली." तं मान वर न करता म्हने, "हरकती अन् सूचना लेखी द्या." आता बोला!

मंग एक दिवस बाड झालं पुरं. मी म्हनलं, चला, सुटलो, संपलं एकदाचं! तं कशी पाहे माह्याकडं... म्हने, "संपते कुठी? तुमी कपडा शिवून देता, मंग मानूस जाड होते, बारीक होते, तवा येते ना तो तुमच्याकडं? दर सभेत नवा ठराव होईन, तो यात घालाचा, मोडलेला काढाचा. नाहीतं उद्या हे पुस्तकही कपाटात." माहीच गोठ मलेच ऐकवली, अन् ती बरोबर होती, हेच तं दुखनं हाये.

पुस्तक एक नंबर होतं... फक्त एक शब्द. एक शब्द हो! काका, तुमी शेतकरी मानूस. मले सांगा, बंडी म्हंजे काय? हाव, बरोबर! बैलं जुपतात ती, वावरात नेतात ती. आपल्या साऱ्या मुलखात बंडी म्हंजे तेच. तं आपल्या जुन्या नियमात जिकडं तिकडं बंड्याच बंड्या... बाजाराच्या दिवशी बंडी मेन रोडवर सोडू नये, बंडीले कंदील लावावा, भरलेली बंडी पुलावर उभी करू नये. सीओ साहेबानं वाचलं अन् नाक असं केलं. "मॅडम, बंडी नको. भाषा प्रमाण असावी. जिल्ह्याला जाणार आहे. बैलगाडी लिहा." झालं! कॉम्प्युटरमंधी एक सोय असते म्हने, जुना शब्द सांगाचा, नवा सांगाचा, बटन दाबाचं, सगळ्या पुस्तकात एका झटक्यात बदल. मंजूनं दाबलं बटन. बाजाराचं प्रकरन तपासलं, रस्त्याचं तपासलं, सगळ्या बैलगाड्या आपापल्या जागी उभ्या. मस्त!

पन मी शिंपी हाये, मले इचारलं असतं तं सांगतलं असतं का बंडी दुसरीही असते! अंगात घालाची, बिनबाह्याची, समोरून बटनाची. तिकडं पुन्याकडं बंडी म्हनली का हीच. अन् आपल्या न.प.त लय वर्साआधी तिकडचाच एक साहेब येऊन गेलता, त्यानं सफाई कामगाराच्या गनवेशाचा नियम केलता. त्याच्या बंड्या अंगातल्या! कॉम्प्युटरले काय समजते? त्याले ना वावर ना अंग! त्यानं त्याही बदलल्या...

सभेपुढं पुस्तक ठेवलं. नगरसेवकानं जाडी पाह्यली, हातात तोलून पाह्यलं, अन् सगळे एका सुरात... "मंजूर! मंजूर!" कोनी पान उलटलं असन तं शपथ! जिल्ह्यातून सही होऊन आलं, छापलं, मोबाईलवरही टाकलं, अन् कर्मचाऱ्यायले एकेक प्रत वाटली. विमलबाई हाये ना, सफाईवाल्या बायाची म्होरकी, बस स्टँडचा रस्ता झाडते, अख्ख्या स्टँडले आवाज जाते तिचा... तिनं घरी सुनेले म्हनलं, वाच वं, आपलं काय लिहलंय. सुनेनं वाचलं. हे पाहा, हे पुस्तक इथंच ठेवतो मी, मशीनच्या खनात, मी वाचूनच दाखवतो... "प्रत्येक सफाई कामगारास दरवर्षी खाकी कापडाच्या दोन बैलगाड्या व एक टोपी देण्यात येईल."

थांबा, थांबा, चहा सांडन! पुढं हाये! "बैलगाडीस पुढून पाच पितळी बटणे असावीत. बैलगाडी आठवड्यातून एकदा धुवून, इस्त्री करून वापरावी. बैलगाडी काखेत उसवल्यास कामगाराने स्वतः शिवावी. बैलगाडी परिधान केल्याशिवाय कोणीही कामावर येऊ नये."

सोमवारी सकाळी न.प.च्या फाटकासमोर सगळे सफाईवाले उभे. झाडू हातात, पन झाडून नाही राह्यले. सीओ साहेब गाडीतून उतरले. "काय झालं? काम का बंद?" विमलबाई अशी समोर आली, पदर खोचून... "साहेब, आमी तं आलतो कामावर. पन नियम म्हनते, बैलगाडी घातल्याबिगर येऊ नये. आमी गरीब मानसं, आमाले कायदा मोडता येत नाही!" साहेब म्हने, "अहो, ही छपाईतली चूक आहे!" विमलबाई म्हने, "चूक? सभेनं मंजूर केलं ना? वरून सही झाली ना? मंग चूक कशी, साहेब... कायदा हाये तो! दोन-दोन द्या. अन् इस्त्री कशी कराची तेही सांगा, आमच्या घरी एवढी मोठी इस्त्री नाही!"

मंग काय इचारता! दुपारच्या मेहकर गाडीत बसून बातमी पुढं गेली. संध्याकाळलोक सुलतानपूरहून माह्या साडूचा फोन. "काय बे गोकुळ, तुमच्या न.प.त दोन-दोन बैलगाड्या भेटून राह्यल्या म्हनते? माह्या पोराचा अर्ज टाक ना बे!" मी म्हनलं, बैलं नाहीत त्याच्यासंगं. तं म्हने, "बैलं मी पाह्यतो, तू अर्ज टाक!" पोट्टे मंजूले पाहून "हर्र्र... च्यक च्यक" कराले लागले. मी पाठीमांगं धावलो एकदा, हातात कैची होती, पार पोस्टापर्यंत पयले गुलाम!

अन् मंजू? ज्या बाईचं मिठासाठी उत्तर तयार असे, ती नुसती ताटाकडं पाह्यत बसे. मी म्हनलं, "अवं, एक शब्द चुकला. माह्याकडून शर्टाच्या शर्ट चुकले हायेत." तं म्हने, "तुमचा शर्ट एकाच्या अंगावर जाते. अन् आता साहेब सारं पुस्तकच मांगं घ्या म्हनून राह्यले. परत फाइली, परत कपाट, परत 'असं असते'. तीच गोठ मले सहन नाही होत." असं बोलली, अन् मले पहिल्यांदा असं वाटलं का कोनीतरी हिचं लेकरू ओढून नेऊन राह्यलं.

तातडीची सभा लागली. मी गेलो ना! मांगं लोकाच्या बाकावर बसलो, गळ्यात टेप तसाच. अध्यक्ष नारायणराव खुर्चीत. नारायणरावले तं मनातून लाडू फुटून राह्यले होते, काऊन का त्याच्या घराचा ओटा रस्त्यावर आलेला हाये अन् पुस्तकात ओट्याचं कलम हाये, अन् लोक आता पुस्तक हातात घेऊन त्या ओट्यासमोर उभे राहाले लागलते! तं तो घसा खाकरून म्हने, "मंडळी, गावची अब्रू गेली. म्या म्हनतो, हे पुस्तकच रद्द करा. पहिले काय चालत नव्हतं का? चालत होतं!" सीओ साहेबही म्हने, "तूर्त मागे घेणं योग्य राहील. भाषेची चूक गंभीर आहे." भाषेची! बंडी कोनी बदलाले लावली, ते मी उठून सांगनारच होतो... पन त्याच्या आधी मंजू उठली.

पुस्तक हातात घट्ट धरलं होतं हो तिनं. मले मांगून दिसत होतं. अन् सांगतो तुमाले, हापिसात ती लय नीट बोलते, साहेबासारखं, पन तवा ते सगळं गळून पडलं. म्हने, "शब्द कोनीही सुचवो, बटन म्या दाबलं. तपासाचं काम माहं होतं, म्या नाही तपासलं. चूक माही हाये. शिक्षा मले द्या. पुस्तकाले नका देऊ." बस, एवढंच. खाली बसली. नाव नाही घेतलं कोनाचं, ओट्याचं नाही काढलं, पुन्याचं नाही काढलं. माही छाती अशी भरून आली का हा टेप असता ना मापाले, पुरला नसता! बाजूच्याले म्हनलं, बायको हाये माही. तो म्हने, माहीत हाये बे, गप बस.

अन् मंग दारातून आवाज... आवाज कसला, भोंगाच! विमलबाई. "पुस्तक मांगं घ्याचं नाही!" नारायणराव म्हने, "बाई, सभा चालू हाये." "मंग चालू दे ना, म्या कुठी बंद केली? म्या काय म्हनते ते ऐका. माही सासू झाडत झाडत गेली, मी झाडून राह्यली, आमाले आजलोक कोनी सांगतलं का, का आमाले दरसाल कपडा भेटाचा नियम हाये? कोनीच नाही! ते या बाईच्या पुस्तकानं सांगतलं. चूक असो का काही असो, आमचं नाव पहिल्यांदा छापलं त्याच्यात! बैलगाडी आमाले नको, मले का समजत नाही का ते काय हाये ते? म्या तमाशा काऊन केला? तुमी वाचावं म्हनून! बंडी द्या, साधी, अंगातली. पन दोन! अन् बटनं पाच! अन् पितळी!"

मंग एक नगरसेवक हसला, मंग दुसरा, मंग सीओ साहेब हसले, अन् ते हसले तं चांगले दिसते हो. त्यायनं पुस्तक उघडलं, सगळ्यायनं उघडलं, अन् काका, तुमाले सांगतो, आपल्या न.प.च्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्या नगरसेवकायनं एकाच वेळी एकच पान वाचलं! पुस्तक राह्यलं. ओट्याचं कलमही राह्यलं, नारायणराव पानी प्याला.

पन आता दुरुस्तीत लिहाचं काय? वाद! एक म्हने जाकीट, विमलबाई म्हने जाकीट नवरदेव घालते. एक म्हने कोट, सीओ साहेब म्हने कोटाला बाह्या येतात. मंग तेच म्हने, "बाहीविरहित अंगवस्त्र लिहूया का?" विमलबाई म्हने, "ते काय असते?" शेवटी मंजूनं कागद वढला अन् तिथंच लिहलं, अन् ते आता छापलेलं हाये, हे पाहा, दुरुस्तीची चिकटपट्टी, दर प्रतीत तिनं स्वतःच्या हातानं लावली... "या प्रकरणापुरते 'बंडी' म्हणजे जी माणूस घालतो ती. इतर सर्व प्रकरणांत 'बंडी' म्हणजे जी बैल ओढतात ती." सीओ साहेबानं दोनदा वाचलं अन् म्हने, "मॅडम, बैलगाडी काढा, सगळीकडे बंडीच ठेवा." हरकती मागवल्या, एकही आली नाही, मंजूर झालं. गावाची भाषा गावाच्या कायद्यात परत आली, ते कोनामुळं आली? तेच तं सांगून राह्यलो! पुस्तक एक नंबर!

आता माहं ऐका. म्या इचार केला, पाच पितळी बटनाची, हातानं काज केलेली बंडी शिवनारा गावात कोन राह्यला? मीच! बाकी सगळे रेडिमेडवाले. रविवारी दुकान बंद करून नमुना शिवला. खाकी कापड, दुहेरी खांदा, काखेत जास्तीचा टाका, उसवाची गोठच नाही. मंजूपुढं ठेवला. तिनं काजावरून बोट फिरवलं, बटनं लावून पाह्यली, काढून पाह्यली, डोळ्यात पानी आलं तिच्या. "एक नंबर झाली," म्हने. मी म्हनलं, "मंग ठेका?" तं बाईनं डोळे पुसले, चष्मा लावला... अन् पुस्तक काढलं! "कर्मचाऱ्याच्या पती, पत्नी अथवा अन्य नातेवाइकास परिषदेचे कोणतेही काम मोबदला देऊन सोपवता येणार नाही." मी म्हनलं, "अवं, यातही एखादा शब्द बदलला असन, नवऱ्याच्या जागी दुसरंच काही असन, नीट पाह्य!" म्हने, "हे कलम म्या चारचारदा तपासलं."

गेला ठेका बाहेरगावच्या एका दुकानदाराले. आल्या बंड्या. बटनं कशाची? पिलास्टिकची, वरून सोनेरी रंग! विमलबाईनं नखानं खरवडलं, पुस्तक उघडलं, "पितळी म्हनते!" दुकानदारानं गुपचूप पितळी बटनाची थैली पाठवून दिली अन् फोन बंद करून टाकला. लावाची कोनं? दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया हा गठ्ठा घेऊन माह्या दुकानात. "गोकुळभाऊ, तुमीच लावू शकता." मी मंजूले इचारलं, मजुरी घेऊ का? म्हने, नाही, नियम हाये. मी म्हनलं, मंग फुकट लावू का? तिनं जरा इचार केला, अन् लय गोड हसली, लगनानंतर इतकी गोड हसली नव्हती... "फुकटाबद्दल पुस्तक काहीच म्हनत नाही."

म्हनून, काका, तुमची पँट त्या गठ्ठ्याखाली हाये, अन् ह्यांचा पायजामाही... नाही, पायजामा तुमचा, पँट ह्यांची. बटनं लावून झाली का काढतो. अन् खोटं वाटत असन तं हे घ्या पुस्तक, तुमीच वाचा. मी पहिल्या पानापासून शेवटलोक वाचलं, अनुक्रमनिकेसकट, का बाबा नवऱ्याकडून फुकट काम करून घेऊ नये असं कुठी लिहलं असन... नाही सापडलं हो. पुस्तक एक नंबर हाये, पन एवढी एक चूक राह्यलीच बघा त्यात.